नाणेघाट व तेथील प्रतिमागृह

महाराष्ट्रातील सातवाहनकालीन एक प्रसिद्ध घाटमार्ग व त्याच्या माथ्यावरील लेणे. ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका आणि पुणे जिल्ह्याचा जुन्नर तालुका यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या मुख्य धारेत हा घाट आहे. यास नानाघाट असेही म्हणतात. प्राचीन काळी कोकणातील बंदरे व देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या वाटांचा हा एक प्रमुख नाका होता. नगरातील चौकात नामवंतांचे पुतळे उभारण्याची प्रथा अर्वाचीन काळी रूढ झाली. परंतु येण्याजाण्याच्या सार्वजनिक ठिकाणी, सर्व वाटसरूंच्या दृष्टीसमोर, एका राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा त्यांच्या नावांसह कोरून ठेवल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने ज्ञात उदाहरण नाणेघाटातील आहे. राजधानीत किंवा देवालयात नव्हे, तर डोंगरमाथ्यावरच्या या चव्हाट्यावर सातवाहन राजकुल दगडात वस्तीस आले. त्या प्रतिमा आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. नामलेख व लगतचा मोठा शिलालेख यांमुळे मात्र त्यांची ओळख टिकून राहिली.

स्थान व मार्ग : कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. त्याच्या परिसरातून नाणेघाटाची वाट सुरू होते. प्रथम दाट झाडीतून व नंतर फरसबंदी पायऱ्यांवरून चढत ती सातशे मीटरांहून अधिक उंचीवरील घाटमाथ्यास पोहोचते. ही चढण पायी दोन ते तीन तासांची आहे. माथ्याजवळ दोन कड्यांमधील अरुंद खिंडीतून वाट वर येते. खिंडीच्या एका बाजूस ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा उत्तुंग सुळकेवजा कडा असून दुसऱ्या बाजूस काही अंतरावर जीवधन किल्ला आहे. माथ्यावरून घाटघर गावावरून पूर्वेकडे जुन्नरला जाता येते. जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले या मार्गावर क्रमाक्रमाने पहारा ठेवणारे होत.

खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या मालावरील जकातीची नाणी त्यात टाकली जात आणि त्यावरून घाटास नाणेघाट हे नाव पडले, अशी समजूत रूढ आहे. जकातीचा उल्लेख येथील शिलालेखांत नाही. तथापि इतक्या वाहत्या मार्गावर राजसत्तेने कर घेतला असणे अशक्य नाही. घाटात ठिकठिकाणी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. चढणीच्या मार्गावर उन्हाळ्यात माणसांना व जनावरांना पाणी मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असे. त्यामुळे टाके खोदून देणे हे मोठे पुण्यकर्म समजले जाई.

व्यापारी महत्त्व : शूर्पारक (सोपारा), कल्याण व चेऊल ही प्राचीन कोकणातील प्रमुख बंदरे होत. देशावर प्रतिष्ठान (पैठण) ही सातवाहनांची राजधानी व तगर (तेर) ही मोठी पेठ होती. या दोन टोकांच्या मध्ये जुन्नर वसले होते आणि जुन्नरचा कोकणाकडील दरवाजा म्हणजे नाणेघाट होय. इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण व तगर यांचे उल्लेख आहेत. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान खडे व तगरहून कापड बाहेर जात असे, हे त्यावरून कळते. कल्याण ही पूर्वी नियमित पेठ होती. पुढे मात्र तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. बंदर एका सत्तेच्या व घाट दुसऱ्या सत्तेच्या ताब्यात गेला, की व्यापाराचा ओघ कसा वळविला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय. सातवाहन व क्षहरात क्षत्रप यांच्यातील दीर्घ संघर्षात या घाटवाटांचे स्वामित्व हा एक कळीचा मुद्दा होता.

व्यापाराने आलेल्या समृद्धीची साक्ष जुन्नरच्या आसमंतातील दोनशेहून अधिक लेण्यांत मिळते. तेथील दानलेखांत धान्याचे व्यापारी, कासार व बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे, तसेच यवन दात्यांचे उल्लेख आहेत. घाटाच्या पायथ्याकडे मुरबाड तालुक्यात पळू-सोनावळे येथेही लेणी आहेत. वाटेच्या दोन्ही टोकांस धर्मस्थाने आणि माथ्यावर राजघराण्याचे स्मारक, असे या मार्गाचे स्वरूप होते.

लेणे : घाटमाथ्याच्या थोडे खाली, कोकणाकडे तोंड करून मुख्य लेणे खोदलेले आहे. ते साधारणतः चौरस दालनाच्या स्वरूपाचे असून भिंतींलगत बसण्यासाठी दगडी कट्टा ठेवलेला आहे. त्यात स्तूप किंवा चैत्य नाही आणि भिक्षूंच्या निवासाच्या खोल्याही नाहीत. त्यामुळे ते बौद्ध विहार नव्हे, हे स्पष्ट आहे. चढून आलेल्या वाटसरूस विसावा देणारे आणि त्याच वेळी राजघराण्याची महती त्याच्या मनावर ठसविणारे असे दुहेरी प्रयोजन त्यामागे असावे. लेण्याच्या मागील भिंतीवर आठ प्रतिमा उठावात कोरल्या होत्या. प्रत्येकीच्या वर तिचे नाव ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत होते. डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा, एकूण वीस ओळींचा मोठा लेख आहे. प्रतिमांचे आज केवळ पायांकडील काही अवशेष दिसतात. अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात या लेण्याकडे गेले, तेव्हाही त्यांची स्थिती फारशी निराळी नव्हती.

प्रतिमा व त्यांतील व्यक्ती : पहिली प्रतिमा राजा सिमुक सातवाहन याची. पुराणांनी ज्याला आंध्र वंशाचा आद्य राजा म्हटले आहे व ज्याच्या नावाची शिशुक, सिंधुक अशी रूपे दिली आहेत, तोच हा सिमुक होय. पुराणांतील वंशावळीस प्रत्यक्ष शिलालेखाचा आधार मिळाला, तो येथे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रतिमा देवी नागनिका (नायनिका) व राजा श्री सातकर्णी यांच्या असून दोघांसाठी एकच संयुक्त नामलेख आहे. चौथी प्रतिमा कुमार भाय याची. पाचव्या प्रतिमेचा नामलेख नष्ट झाला आहे. सहावी महारठी त्रनकयिर याची, सातवी कुमार हकुसिरी याची व आठवी कुमार सातवाहन याची होय.

या यादीतील प्रत्येक नावामागे एक प्रश्न आहे. संयुक्त नामलेखात राणीचे नाव राजाच्या आधी येते, ही गोष्ट लक्षणीय आहे. महारठी ही त्या काळी स्थानिक सत्ताधाऱ्यांची पदवी होती. राजकुलाबाहेरचा महारठी राजप्रतिमांच्या रांगेत कसा आला, याचे उत्तर बहुतेक विद्वान विवाहसंबंधात शोधतात. मोठ्या लेखातील राणी ही एका महारठीची कन्या असल्याने त्रनकयिर हा तिचा पिता असावा, असे मत मांडले गेले आहे. तसे असल्यास, सातवाहनांची प्रारंभीची सत्ता पश्चिम महाराष्ट्रातील स्थानिक घराण्यांच्या पाठबळावर उभी होती आणि ते पाठबळ त्यांनी या नाक्यावर जाहीरपणे मान्य केले होते, असा अर्थ होतो. हकुसिरी म्हणजे शक्तिश्री. नासिक येथील एका लेण्याच्या लेखात महाहकुसिरी असे नाव येते. ती व्यक्ती व नाणेघाटातील कुमार एकच, असे काहींचे मत आहे.

न आढळणारी नावेही तितकीच महत्त्वाची आहेत. पुराणांनुसार सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण गादीवर आला. नासिकच्या एका लेखात सातवाहन कुळातील कण्ह राजाचा निर्देश आहे. नाणेघाटातील उपलब्ध नामलेखांत मात्र कृष्ण नाही. सातकर्णी हा सिमुकाचा पुत्र की पुतण्या, या वादास त्यामुळे तोंड फुटले. त्याचप्रमाणे मोठ्या लेखात राणीचा पुत्र म्हणून येणाऱ्या वेदिश्रीचे नाव अवशिष्ट नामलेखांत दिसत नाही.

प्राचीन भारतात राजांच्या प्रतिमा एकत्र ठेवण्याची कल्पना अपरिचित नव्हती. भासाच्या प्रतिमा नाटकात दिवंगत राजांच्या मूर्तींच्या गृहाचा प्रसंग आहे. आपल्या पित्याची मूर्ती तेथे पाहून भरतास त्याच्या मृत्यूची वार्ता उमगते. मथुरेजवळील माट येथे कुषाण राजांच्या मूर्ती एका देवकुलात सापडल्या. नाणेघाटचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे येथे राजांबरोबर राणी, कुमार व महारठी यांनाही स्थान आहे. दुसरी, हे गृह देवालयाच्या आवारात नसून रहदारीच्या मार्गावर आहे.

नागनिकेचा शिलालेख : भिंतींवरील मोठा लेख धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांच्या वंदनाने सुरू होतो. संकर्षण व वासुदेव यांच्या उपासनेचा दक्षिणेतील हा एक अतिप्राचीन पुरावा होय. पुढे एका विधवा राणीने पतीसमवेत केलेल्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची गणना येते. अग्न्याधेय, अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम, गर्गातिरात्र, आंगिरसातिरात्र इ. यज्ञांची नावे त्यात आहेत. अश्वमेध दोनदा केल्याचे दिसते. एका यज्ञात १,७०० गाई व १० हत्ती दिले. दुसऱ्यात ११,००० गाई व १,००० घोडे दिले. आणखी एका प्रसंगी २४,४०० कार्षापण दक्षिणा देण्यात आली. यज्ञास जमलेले प्रेक्षक व सेवक यांना दिलेल्या रकमांचीही नोंद आहे. गावे, रुप्याची पात्रे व वस्त्रे यांचे उल्लेख निराळेच. आकडे अतिशयोक्त मानले, तरी घाटातून वाहणाऱ्या संपत्तीवर राजसत्तेचा किती हक्क पोहोचत होता, याची कल्पना त्यांवरून येते. व्यापाऱ्यांच्या वाटेवर दानांचा हा हिशेब कोरण्यामागे, मिळालेल्या धनाचा विनियोग लोकांपुढे मांडण्याचा हेतूही असणे शक्य आहे.

लेखातील राणीचे वर्णन संयमी व गंभीर आहे. ती अंगिय कुळाची कीर्ती वाढविणाऱ्या महारठीची कन्या, वेदिश्रीची व शक्तिश्रीची माता, महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आणि दीक्षा, व्रते व यज्ञ यांत कुशल अशी आहे. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे तिने राज्यकारभार पाहिला असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. तथापि लेख फार भग्न असून जेथे तिचे नाव असावे, तो भाग तुटलेला आहे. ही राणी म्हणजे नागनिका, हा निष्कर्ष मागील भिंतीवरच्या नामलेखावरून काढलेला आहे. आपल्या घराण्याचे वैभव शिळेवर नोंदविणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या लेखातून गळून गेले आणि प्रतिमेच्या वरच्या लहानशा ओळीने ते राखले. महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासात नावानिशी व कर्तृत्वानिशी पुढे येणारी ही आरंभीची राजस्त्री होय. सातकर्णी व नागनिका यांची नावे एकत्र असलेली नाणीही अभ्यासकांनी प्रसिद्ध केली आहेत.

लेखाच्या काळाविषयी मतभेद आहेत. अक्षरवटिकेवरून गेओर्ग ब्यूलर याने तो इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ठरविला. पुढील काही विद्वानांनी कलिंगाच्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखाशी तुलना करून आणि कण्व वंशाचा अंत सातवाहनांनी केला या पुराणकथनाचा आधार घेऊन तो इ. स. पू. पहिल्या शतकात आणला. हा वाद केवळ एका लेखाचा नाही. सातवाहन सत्तेचा प्रारंभ केव्हा मानावयाचा आणि पर्यायाने महाराष्ट्राच्या ज्ञात राजकीय इतिहासाचा आरंभ कोठे धरावयाचा, हे त्यावर अवलंबून आहे.

अंकचिन्हे : दक्षिणांच्या गणनेमुळे या लेखास गणिताच्या इतिहासातही मानाचे स्थान मिळाले आहे. भारतातील अंकचिन्हांचा इतका मोठा व इतका जुना संच अन्यत्र क्वचितच आढळतो. यात शून्य नाही व स्थानमूल्याची पद्धतीही नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. चारशे लिहिताना शंभराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडले आहे व चार हजार लिहिताना हजाराच्या चिन्हास तेच जोडले आहे. मोठी संख्या अशा चिन्हांच्या बेरजेने दाखविली आहे. आजच्या जगभर प्रचलित असलेल्या अंकांच्या पूर्वजांपैकी काही या भिंतीवर पाहावयास मिळतात.

सामान्य दाते : राजप्रतिमांखेरीज घाटात सामान्य माणसांचीही नावे टिकली आहेत. सोपाऱ्याच्या गोविंददासाने येथे एक टाके दान दिल्याचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या राज्यवर्षात कामवन येथील दामघोष याने दिलेल्या टाक्याचाही लेख आहे. नागनिकेनंतर दीर्घ काळ हा मार्ग वाहता होता आणि बंदरातील नागरिक घाटमाथ्यावर पाण्याची सोय करीत होते, हे या दोन छोट्या लेखांवरून सिद्ध होते. प्रतिमा झिजल्या, परंतु घाटातील टाक्यांनी पुढेही वाटसरूंची तहान भागविली.

संशोधन : विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी सांख्यिकीय पाहणी करीत असताना हे लेख पाहिले व १८३७ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. जेम्स प्रिन्सेपच्या ब्राह्मी वाचनानंतर त्यांचा अर्थ लागू लागला. जॉन स्टीव्हन्सन याने त्यांचे प्रारंभीचे वाचन केले. या लेखांच्या अभ्यासाला खरी दिशा पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) यांनी दिली. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड यांचे साहाय्यक म्हणून काम केलेल्या या विद्वानाने १८७६ मध्ये नाणेघाटातील अंकचिन्हांवर निबंध लिहिला आणि प्रतिमांच्या नामलेखांचा उलगडा केला. ब्यूलरने १८८३ मध्ये संपूर्ण लेखाचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या कोरीव लेखांच्या संपादनात त्याचा पुन्हा सविस्तर परामर्श घेतला.

उत्तरकाल : यादवोत्तर काळात व्यापारी मार्ग म्हणून घाटाचे महत्त्व मर्यादित झाले, तरी सैनिकी महत्त्व टिकून राहिले. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी जीवधनावरील बालराजपुत्रास गादीवर बसवून राज्य सावरण्याचा प्रयत्न केला. त्याची समाप्ती १६३६ मध्ये शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याच्या वेढ्याने झाली. जुन्नरचे पठार आणि मुरबाड–शहापूरचा डोंगराळ पट्टा यांचे नाते त्यातून प्रकट होते. एका बाजूची सत्ता अडचणीत आली, की दुसऱ्या बाजूच्या रानाचा व गडांचा आश्रय घेतला जाई. राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखालील महादेव कोळ्यांच्या उठावातही घाटाखालील व घाटावरील प्रदेश एकत्र आले. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने याच तालुक्यातील सिद्धगडाच्या रानाचा आश्रय घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना तेथे हौतात्म्य आले.

घाटाचा ऱ्हास मात्र लढाईने नव्हे, तर नव्या मार्गांनी घडविला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग शहापूर तालुक्यातून कसाऱ्यावरून थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीस पोहोचला. बोर घाटातील लोहमार्ग त्यापूर्वीच, १८६३ मध्ये, खुला झाला होता. कल्याण हे दोन्ही लोहमार्गांचे प्रस्थानक बनले. पुढे माळशेज घाटातून मोटाररस्ता झाल्यावर मुरबाड व जुन्नर यांच्यामधील वाहतूक तिकडे वळली. नाणेघाटाची वाट डोईवर ओझे घेऊन बाजारास जाणाऱ्या आदिवासी व शेतकरी यांच्यापुरती उरली. महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांच्या वाड्या-पाड्यांनी ती जिवंत ठेवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिर्यारोहक व पर्यटक तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले.

पश्चिमेकडून येणारा मुसळधार पाऊस, दगडाची झीज आणि लेण्याचा शतकानुशतके निवाऱ्यासाठी झालेला वापर यांमुळे लेखाची बरीच अक्षरे नष्ट झाली आहेत. अभ्यासकांना अनेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या ठशांवरच विसंबावे लागते. जो लेख आठ प्रतिमांची ओळख पटवितो, तो राखला गेला, तरच ही नामवंत मंडळी नाणेघाटात वस्तीस राहतील. अन्यथा सिमुक, सातकर्णी व नागनिका यांचा दगडातील सर्वांत जुना पत्ता पुसला जाईल. त्यामुळे लेखाचे जतन हा महाराष्ट्राच्या आद्य इतिहासाच्या जतनाचाच एक भाग होय.